एमिलकाकांची खुर्ची रस्त्यावर

पिट्सबर्ग
५ डिसेंबर

ती. वेरोनाआत्यास,
पॉलेटचा शि. सा. न. वि. वि.

तुझं घर आणि मी, दोघंही ठीक आहोत. घर तापवणारी भट्टी अधूनमधून खोकते. मी तळघराच्या पायरीवर उभी राहून ऐकते आणि ती पुन्हा सुरू झाली की तिचे आभार मानते. तूही मानायचीस, असं तूच सांगितलं होतंस, म्हणून फारसं वेड्यासारखं वाटत नाही.

तुझा हात कसा आहे? ऑक्टोबरात तू जिन्यावरून पडलीस ती पायरी मी रोज ओलांडते, तिच्यावर पाय देत नाही. रेमंडदादाने तुला निळ्या गाडीत घालून टूसॉनला नेलं त्या दिवसापासून ही गल्ली गप्प आहे. बर्फ मात्र भरपूर आहे. बस टेकडीखालीच थांबते. ड्रायव्हर म्हणतो, चाकं चढत नाहीत, तुम्ही चढा. बर्फ वितळवायच्या मिठाची गाडी सगळ्या गल्ल्यांत जाते आणि आपल्या कोपऱ्यावर आली की तिला दुसरं काहीतरी आठवतं. समोरचे शेस्तॅक त्यांच्या दारातला बर्फ आपल्या बाजूला लोटतात आणि वर टोपी काढून नमस्कार करतात.

सकाळी तिन्ही नद्यांवरून धुकं चढतं. पूल नाहीसे होतात, चर्चचा हिरवा घुमट तेवढा वर तरंगत राहतो. मी खिडकीत कप घेऊन उभी असते तेव्हा वाटतं, टेकडी सुटून हळूहळू कुठेतरी वाहत चालली आहे आणि मला कामावर पोचायला उशीर होणार आहे.

आता वाईट बातमी. रविवारच्या सामन्यात आपल्या संघाच्या ड्रॅबिकचा खांदा निखळला. तो उठला, दोन पावलं चालला आणि गुडघ्यावर बसला. त्याच्या जागी तो पोरगा आला, लँग्री. तू त्याला ‘दुधाची बाटली’ म्हणतेस तो. पहिलाच चेंडू त्याने नेमका समोरच्या संघाच्या हातात फेकला. शेस्तॅक अंगणात येऊन आकाशाकडे बघत राहिले. मग मात्र त्याने असा एक लांब फेकला की चेंडू खाली यायचंच विसरला असं वाटलं. आपण जिंकलो, पण गल्लीत कोणी हसलं नाही. चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक, म्हणजे ड्रॅबिक, हे इतकी वर्षं ठरलेलं होतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे दारासमोरची गाडीची जागा मी बर्फातून उपसून काढली आणि तिथे दुसऱ्या कोणी गाडी लावू नये म्हणून खुर्ची ठेवली. तुझी घडीची खुर्ची तळघरात सापडली नाही, रेमंडदादाने आवराआवरीत टाकली असावी. म्हणून एमिलकाकांची पिवळी खुर्ची ठेवली आहे, काळ्या गादीची. एक मात्र मनाला लागून राहतं. शेजारची यव्होन टिब्स रुग्णालयातून दमून येते, गाडी पार खाली लावते आणि बाळाला कडेवर घेऊन निसरड्या पायऱ्या चढते. आपल्याकडे तर आत्ता गाडीच नाही. शिवाय रस्ता शहराचा आहे. मी शहराच्या कचेरीत खड्ड्यांच्या तक्रारी फोनवर घेते तशा खुर्च्यांच्याही तक्रारी घेते. शांतपणे लिहून घेते आणि संध्याकाळी घरी येऊन आपली खुर्ची सरळ करते. हे बरोबर आहे का, आत्या? जागा तिला दिली तर चालेल का?

कळव. तुझा लोभ इथल्या भट्टीपेक्षा भरवशाचा आहे, तो तसाच राहावा.
तुझी,
पॉलेट


टूसॉन
१२ डिसेंबर

चि. पॉलेट हीस,
अनेक आशीर्वाद. मी खुशाल, म्हणजे जिवंत.

नाही चालणार.

तुला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावरून वाचायला शिकवलं. तू पहिल्यांदा अडखळत वाचलास तो शब्द ‘पराभव’ होता, हे मी विसरलेले नाही. तेव्हापासून तू प्रत्येक गोष्टीत आपली चूक कुठे झाली ते शोधतेस. इथे तुझी चूक नाही. जो बर्फ उपसतो त्याची जागा, आणि खुर्ची म्हणजे त्याचा शब्द. एमिलने ती जागा तीस हिवाळे उपसली. यव्होनला सांग, आत्या परत येईपर्यंत थांब. बाई चांगली आहे. सप्टेंबरात तिने माझ्या जागेत गाडी लावली तेव्हा मी तिला गल्लीभर ऐकू जाईल असं बोलले आणि मग सूप नेऊन दिलं.

ड्रॅबिकचंही तेच. खांदा दुखावला म्हणून जागा जात नाही. दुधाच्या बाटलीने बाकावर बसावं आणि बघावं. प्रशिक्षक काही उलटसुलट करायला लागला तर शेस्तॅकना सांग, माझ्या नावानेही एक शिवी हासडा.

आता खरं सांगते, कारण तुला आडून कळेल त्यापेक्षा हे बरं. माझ्याच मुलाला, रेमंडला, घर विकायचं आहे. डॉक्टर म्हणतो, हिने एकटीने जिना चढायचा नाही. रेमंड म्हणतो, पॉलेट कायमची तिथे राहून घर सांभाळणार असेल, चाव्या तिच्याकडे, भट्टी तिच्याकडे, आणि तू तिचं ऐकणार असशील, तरच जा. मी म्हटलं, ज्या घरात मी चाळीस वर्षं हुकूम सोडले तिथे मी पाहुणी म्हणून जाणार नाही. त्यावर त्याने मला संत्रं सोलून दिलं. इथे संत्री झाडाला लागतात आणि कोणी तोडत नाही. दुपारी डोळा लागला की मला आपली गल्ली दिसते, पण ती सपाट असते. मी चालत राहते, चढच लागत नाही, आणि म्हणून घर येत नाही.

तेव्हा खुर्ची हलवू नकोस. खुर्ची गेली की गल्ली म्हणेल, वेरोना संपली.

तब्येतीला जप, टोपी घाल. रागावले असले तरी माया कमी झालेली नाही.
तुझी,
आत्या


पिट्सबर्ग
२१ डिसेंबर

ती. आत्यास,
पॉलेटचा नमस्कार. पत्र बसून वाच, ही विनंती विशेष.

तुझं पत्र येण्याआधीच इथे विचित्र गोष्टी सुरू झाल्या होत्या. पहिल्यांदा खुर्चीवर झाकलेलं भांडं दिसलं. उघडलं तर होलुबकी, कोबीच्या पानांत खिमा-भात भरलेल्या गुंडाळ्या, अजून कोमट. मला वाटलं, मी एकटी आहे म्हणून कोणी दिल्या असतील. संकोचाने खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीच्या पाठीला आपल्या संघाचा काळा-पिवळा मफलर बांधलेला होता. मग एक मेणबत्ती, काचेच्या बरणीत. भुरभुर बर्फात ती पेटलेली होती आणि खुर्चीवर कोणीतरी बसलं आहे असं लांबून वाटत होतं. येणारे-जाणारे तिथे पोचले की पावलं हळू करायचे. शेस्तॅकनी चक्क आमच्या दारातला बर्फ उपसला.

मी घाबरले. काहीतरी होतंय आणि ते मलाच ठाऊक नाही, असं वाटत राहिलं. शेवटी रविवारी चर्चमध्ये फादर जवळ आले, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, वेरोनासाठी प्रार्थना कोणत्या शनिवारी ठेवायची.

आत्या, ती खुर्ची एमिलकाका गेले त्या दिवशी तूच रस्त्यावर ठेवली होतीस ना? शववाहिनीला जागा राहावी म्हणून? मी तेव्हा दूर ईरीला होते, मला काय माहीत, फादरांनी आत्ता सांगितलं. एरवी ती घराबाहेर कधीच पडली नाही, फक्त सामन्याच्या दिवशी ओसरीपर्यंत. गल्लीने ती पाहिली आणि गल्लीला जे समजायचं ते समजलं. मला कोणी विचारलं नाही, कारण पोर आधीच दुःखात आहे, तिला कशाला छेडायचं.

मी घरोघर गेले. प्रत्येक दारात तेच सांगितलं, आत्या जिवंत आहे, माफ करा. शेस्तॅक दाराच्या चौकटीला धरून रडले आणि मग मला रागावले. म्हणाले, आठवडाभर मी बाईबद्दल चांगलं बोलत होतो, ते सगळं फुकट गेलं. मग हळू आवाजात म्हणाले, “तिच्याशिवाय या गल्लीत रविवारी ओरडणार कोण? आम्ही नुसते पुटपुटतो.” होलुबकी त्यांच्याच होत्या. मेणबत्ती यव्होनची होती. तिला मी ओशाळून म्हटलं, तुला जागा हवी असेल. तिने मान हलवली आणि म्हणाली, म्हातारीची जागा आहे, राहू दे, माझे पाय शाबूत आहेत. बाळ माझ्या टोपीचा गोंडा ओढत होतं.

आता खुर्ची तिथेच आहे, तू सांगितलंस म्हणून. पण तिच्याकडे बघवत नाही. लँग्री कालही जिंकला. गल्लीत आता थोडं हसतात, पण आधी इकडेतिकडे बघून घेतात.

क्षमा असावी. आणि क्षमा केल्याचं लवकर कळवावं, मला झोप लागत नाही.
पॉलेट


टूसॉन
६ जानेवारी

चि. पॉलेट हीस,
मेलेल्या आत्याचे जिवंत आशीर्वाद.

इतकी हसले की रेमंड धावत आला. त्याला पत्र वाचून दाखवलं. शेस्तॅक रडले तिथे तो खिडकीबाहेर बघायला लागला. पोरी, मी गेल्यावर कोण काय म्हणेल हे ऐकायला मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. तुझ्या घोटाळ्याने मला ते मिळालं. क्षमा कसली मागतेस. होलुबकी मात्र माझ्या वाटणीच्या होत्या, त्या तू खाल्ल्यास.

मला भीती होती की खुर्ची हलली तर गल्ली मला विसरेल. गल्लीने तर तिच्यासमोर मेणबत्ती लावली. मग खुर्ची कशाला हवी?

पण दुसरी गोष्ट त्याहून अवघड होती. शेवटचा सामना इथे टीव्हीवर दाखवला. मी खेळाकडे बघतच नव्हते, कडेला उभ्या ड्रॅबिककडे बघत होते. हात झोळीत, डोक्यावर लोकरीची टोपी. पोरगा मैदानातून आला की सरळ त्याच्याकडे जायचा. ड्रॅबिक डाव्या हाताने हवेत रेषा काढायचा, इथून असा, मग असा. पोरगा मान डोलवायचा आणि परत जाऊन तसंच फेकायचा. दोघांच्या तोंडातली वाफ एक होत होती. सामना झाल्यावर प्रशिक्षकाने सांगून टाकलं, पुढच्या वर्षी लँग्री पहिला, ड्रॅबिक दुसरा. मी टीव्हीला चप्पल मारली असती, पण हात दुखतो. मग त्यांनी ड्रॅबिकला विचारलं, दुसऱ्या संघात पहिली जागा मिळत असताना इथे दुसरा का राहतोस. तो म्हणाला, “माझं घर इथे आहे. दोन पावलं बाजूला उभं राहिलं म्हणून ते बदलत नाही.”

मी बरेच दिवस त्याच्यावर रागावलेली होते. इथल्या वाळवंटात संध्याकाळी डोंगर तांबडे होतात, पूर्वी आपल्या पोलाद कारखान्याची धगधगती मळी ओतताना टेकडी व्हायची तसे. काल ते बघत बसले असताना राग कुठे गेला ते कळलं नाही.

तर ऐक. तू पहिली, मी दुसरी. चाव्या तुझ्या, भट्टी तुझी, जिन्यावर कधी चढायचं आणि कधी नाही ते तू ठरव. मी कडेला उभी राहून डाव्या हाताने रेषा काढीन. ते मात्र कोणी थांबवायचं नाही. तुझी तयारी असेल तरच. नसेल तर तसं लिही, लाजू नकोस. तू तरुण आहेस आणि मी सोपी बाई नाही.

खुर्ची आत घे. जागा यव्होनला दे. तिला सांग, आत्याने दिली, शहराने नाही.

आणि दुधाच्या बाटलीचं नाव काय म्हणालीस? लँग्री. बरं.

आहे तो लोभ वाढव. आता मला त्याची गरज पडणार आहे.
आत्या


पिट्सबर्ग
३ एप्रिल

ती. आत्यास,
पॉलेटचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं ‘हो’ म्हटलं आणि रडले, म्हणून हे नीट लिहिते. तयारी आहे. भीतीही आहे. मला अजून वाटतं, मी एखादा चेंडू नेमका चुकीच्या हातात फेकीन. पण तू कडेला असशील.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवला. तुझी खाट खाली आणली, खिडकीपाशी, जिथून घुमट दिसतो. ओरडू नकोस, ठरवायचं मी असं तूच लिहिलंस. एमिलकाकांची खुर्ची पुसून ओसरीवर ठेवली आहे. मफलर तसाच आहे.

बर्फ केव्हाच गेला. मिठाची गाडी परवा आली, आता रस्ता कोरडा असताना. यव्होन उरलेला हिवाळाभर आपल्या जागेत गाडी लावत होती. काल तिने ती स्वतःहून खाली नेली. तू शनिवारी निळ्या गाडीतून येणार, हे मी फक्त शेस्तॅकना सांगितलं होतं, म्हणजे सगळ्यांना सांगितलं. आज सकाळी धुकं असतानाच खिडकी उघडली तर रिकाम्या जागेत खुर्च्या उभ्या. शेस्तॅकची डगमगणारी, फादरांची वेताची, कोपऱ्यावरच्या न्हाव्याची फिरती, आणि टोकाला यव्होनच्या बाळाची उंच खुर्ची. बर्फाचा कण नाही आणि गल्लीभर खुर्च्या. धुक्यात त्या कोणाची तरी वाट बघत बसल्यासारख्या दिसतात. कचेरीत एक तक्रारही आली. मी ती लिहून घेतली आणि सांगितलं, शनिवारनंतर बघू.

पहिली म्हणून माझा हा पहिला हुकूम. गाडीतून उतरलीस की घाईने दाराकडे जायचं नाही. आधी गल्लीत बसायचं, लोकांना बघू द्यायचं. कोणाच्या खुर्चीवर, ते तू ठरव. फक्त बाळाची सोड.

तुझी,
पॉलेट