ताईची अर्धी होडी

तीर्थस्वरूप ताईला,

धाकट्या भावाचा, गुडघे वाकतात तितका वाकून, नमस्कार.

तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा चांगला होता, तो अजून चांगलाच आहे ना? भावोजींच्या कानातलं यंत्र नीट चालतं का, की अजून ते फक्त जेवायला बोलावलेलं ऐकतात? भाचीची पित्ताची डोकेदुखी, जावईबापूंची पाठ, नातीचा पडायला आलेला दात, सगळ्यांचं एकेक करून कळव. इकडे तुझी भावजय ठणठणीत आहे. माझ्यावर रागावली की तिची तब्येत नेहमीच सुधारते, आणि सध्या ती फारच छान दिसते. मीही बरा आहे. प्रकृती ठीक नाही ती एकट्या आपल्या होडीची. तिला येत्या सोमवारी तळाशी चार भोकं पाडणार आहेत. म्हणून हे पत्र.

तर झालं असं. आपली लिलावाची शेड आता शेड राहिली नाही. तिथे 'मच्छीमारी वारसा दालन' झालं आहे. शहरातून एक वारसा समिती आली आणि म्हणाली, तुमचा धंदा लोप पावतो आहे, तो जपला पाहिजे. आम्ही म्हटलं, जपा. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लिलाव बाहेर काढला. आता मासळी फाटकापाशी रस्त्याच्या कडेला विकली जाते, आणि आत भिंतीवर सुंदर अक्षरात पाटी आहे, 'येथे पूर्वी मासे विकले जात.' (पूर्वी म्हणजे मागच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारपर्यंत.) समुद्राकडची मोठी खिडकी आठवते? ती विटांनी बुजवली आणि त्या जागी समुद्राचा फोटो लावला. कोपऱ्यातल्या कर्ण्यातून लाटांचा आवाज येतो. खऱ्या लाटा भिंतीपलीकडे आपटत असतात, पण त्यांचा आवाज वर-खाली होतो म्हणे, कर्ण्यातला एकसारखा येतो. आधी आठ दिवस फरशी घासून मासळीचा वास घालवला. मग बघायला आलेले लोक म्हणाले की काही वाटत नाही, तेव्हा बाटलीतला वास आणला. तो वास कुठल्या माशाचा हे पासष्ट वर्षं मासळीत काढूनही मला कळलेलं नाही.

या सगळ्याची कर्तीधर्ती एक मॅडम आहे. पोरगी वाईट नाही. सतत फायली छातीशी धरून फिरते, म्हणून आम्ही तिला फाईलवाली म्हणतो. जाळं तिने उलटं टांगलं होतं, तरंगायची बुचं खाली आणि बुडायच्या शिशाच्या गोळ्या वर. मी म्हटलं, बाई, हे असं पाण्यात सोडलं तर मासे हसून मरतील, तेवढेच मिळतील. तिने ते वहीत लिहून घेतलं. आणि तुझी टोपली, जिच्यात तू तीस वर्षं मासळी मांडलीस, ती काचेच्या पेटीत आहे. खाली लिहिलं आहे, 'अज्ञात विक्रेत्या स्त्रीची टोपली.' मी तुझं नाव सांगितलं, तुझा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा तेही सांगितलं. ती म्हणाली, "काका, कागद आहे का काही?" कागद नाही म्हणून तू अज्ञात.

मलाही तिथे बसवलं होतं. दहा ते पाच, खुर्चीवर, जाळं शिवत. शेजारी पाटी, 'पारंपरिक मच्छीमार', आणि तिच्याखाली दुसरी, 'हात लावू नये.' आता मला सांग, जाळं समोर आलं की आपला हात थांबतो का? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं शिवून मी हात झटकून बसलो. फाईलवाली घाबरली. पुढच्या आठवड्यात शाळांच्या सहली यायच्या होत्या, आणि शिवायला भोकच नाही. तिने कात्री आणली. तेव्हापासून ती सकाळी कापायची आणि मी दिवसभर शिवायचो. तुझी भावजय म्हणाली, "जन्मभर शिवून खाल्लंत, आता फाडून खा."

होडी दालनाच्या मधोमध चौथऱ्यावर होती. (तीच कशी, ते पुढे सांगतो. किंवा नाही सांगत, बघू.) लाकडाची होडी कोरडी पडली की तिच्या फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात, हे तुला सांगायला नको. म्हणून मी रोज तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतायचो. फाईलवाली म्हणायची, "काका, गालिचा भिजतो." मी म्हणायचो, गालिच्याला काय, तो बुडणार थोडाच आहे. शेवटी त्यांनी बादली कुलपात ठेवली.

मग आलं उद्घाटन. प्रमुख पाहुणे मोठे साहेब होते, पांढरा कोट घालून आलेले. भाषणं झाली. आठवण म्हणून साहेबांना वीतभर लांबीची पितळी होडी दिली. मग रिबीन कापायच्या आधी फोटोवाल्याने फर्मान काढलं, पाहुणे खऱ्या होडीत, होडी खऱ्या पाण्यात, दहाच मिनिटं. आठ जणांनी होडी उतरवली. पुढे साहेब, मागे सुकाणूवर मी, मधे शोभेला जाळं. फोटो झाला. आणि ताई, नेमकं तेव्हाच बेटाच्या अलीकडे पक्षी पाण्यावर तुटून पडलेले दिसले.

मी शपथेवर सांगतो, पुढे जे झालं ते मी केलं नाही, हातांनी केलं. शीड वर गेलं, होडी सुटली. खाली माशांचा थवा एवढा दाट की पाणी उकळत असल्यासारखं दिसत होतं, आणि मी पाहुणे, समिती, उद्घाटन सगळं साफ विसरलो. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा बघायला त्यांना सवड नव्हती, कारण सांधे उघडलेले, आणि पाणी घोट्यापर्यंत आलेलं. उपसायला होडीत काहीच नाही (बादली कुलपात). मी म्हटलं, "साहेब, ते पितळेचं इकडे करा, किंवा तुम्हीच उपसा." त्यांनीच उपसलं. तीन तास त्या पितळी होडीने लाकडी होडीतलं पाणी काढत होते बिचारे. एकदा पोटातलंही काढलं. पण जाळं ओढायची वेळ आली तेव्हा न सांगता उठले आणि दोर धरला. जाळ्याला एकही भोक नव्हतं. सकाळी फाईलवालीने पाडलेलं मी दहाच्या आत शिवलं होतं. भोक पडलेलं जाळं होडीत ठेवणं मला जमत नाही, त्याला मी काय करू.

परत आलो तर मंडळी अजून तिथेच, रिबीनही तशीच. होडी मासळीने काठोकाठ भरलेली, आणि फाटकापाशी ओतायला जागा नाही. रस्ताभर पाहुण्यांच्या गाड्या. मग मासळी नेली आत. लाल गालिच्यावर, त्या 'पूर्वी'च्या पाटीखाली. साहेबांनी रिबीन कापली खरी, पण ती एका टोपलीचं तोंड बांधायला. तू ज्या दगडावर उभी राहून लिलाव पुकारायचीस त्या दगडावर मी चढलो आणि तुझ्यासारखा पहिला पुकारा केला. आवाज मधेच फाटला. तरी सगळी बाजारवाली मंडळी आत धावली. अर्ध्या तासात गालिचा रिकामा. दालनात इतकी गर्दी त्यानंतर झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी समितीचं पत्र आलं. एक, मला पारंपरिक मच्छीमार या जागेवरून काढलं आहे, कारण मी मासे पकडले. दोन, असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून सोमवारी होडीच्या तळाला चार भोकं पाडून तिला बोल्टने चौथऱ्याला जखडणार. ताई, तिच्या फळ्या अजून पाण्याने फुगलेल्या आहेत, सांधे मिटलेत. आज सोडली तर तरंगेल.

बाकी सर्व क्षेम. सर्वांना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझा धाकटा

ता. क. तू विचारशीलच म्हणून लिहितो. होडी समितीला दिली ती मीच. माझा मोठा फोटो दाराशी लावणार होते. (लावला होता. आता काढला.) आणि दालनाची मूळ कल्पना कोणाची, असं भावोजींनी विचारलं तर तुलाही ऐकू येत नाही असं कर.

ता. क. दुसरा. वडिलांनी अर्धी होडी तुझ्या नावावर ठेवली होती, पुढची की मागची हे न लिहिता. त्यामुळे होडी देण्याच्या कागदावर तुझी सही लागत होती. ती मी केली. तुझं नाव टोपलीखाली लिहायला त्यांना पुरावा हवा होता, तुझी होडी घ्यायला ही सही चालली. तेव्हा एक कर. समितीला लिही, 'ही सही माझी नाही आणि माझ्या अर्ध्या होडीला भोक पाडायला माझी परवानगी नाही.' अर्ध्या होडीला भोकं पाडून त्यांचं भागणार नाही. मी खोटारडा ठरेन, ते ठरू दे. सही तूच केलीस का असं त्यांनी मला विचारलं तर मी हो म्हणणार आहे. आणि त्या पत्राखाली तुझं नाव चांगलं ठसठशीत लिही, म्हणजे फाईलवालीला तुझा कागद मिळेल.

ता. क. तिसरा. साहेबांचा निरोप आहे, पुन्हा कधी जायचं. या वेळी बादली ते आणणार आहेत. मी सांगितलं, होडीची अर्धी मालकीण काय म्हणते ते येऊ दे. तेव्हा उलट टपाली लिही. मला द्यायच्या शिव्या वेगळ्या पाकिटात घाल, त्या सोमवारनंतर पोचल्या तरी चालतील.