वरून तिसरं नाव

मंगळवार, ३ मार्च
तेवढं बोलून फोन ठेवलाही त्यानं. दवाखान्यातल्या केसपेपर काउंटरवरचा सोनवणे. "आघावसाहेब, नाव टाकतो, चहा पिऊन येतो, तरी स्क्रीनवर चक्र फिरायलंच." मागं कुणी बाई, "गंगापूरहून आले, माझं नाव हाय का नाय, तेवढं तरी सांगा!"
नावं इंग्रजीत. एक कारकून सगळी मोठ्या अक्षरांत टाकतो, दुसरा लहान. कशीही टाकली तरी सापडली पाहिजेत. ती शोधणारा प्रोग्राम मी लिहिलेला.

बुधवार, ४
माझी पद्धत : शोधताना एकेक नाव लहान अक्षरांत करायचं, ताडायचं, सापडलं की थांबायचं. ऑफिसातल्या रेहानाची : सगळ्या यादीची लहान अक्षरांतली प्रत आधीच करून ठेवायची, त्यात शोधायचं. जानेवारीत दोन्हींचा वेळ मीच मोजला. माझी कितीतरी वेगवान. सरांना आम्हा दोघांतल्या एकालाच कामावर ठेवायचं होतं. आठवड्यात रेहानाचं कंत्राट संपलं.

गुरुवार, ५
जुनी चाचणी उघडली. ऑफिसात सगळे चाचणीला स्वतःचं आडनाव टाकतात. मीही. यादी आडनावांप्रमाणे लावलेली. आघाव वरून तिसरं. तीन नावं बघून माझी पद्धत थांबायची. रेहानाच्या पद्धतीच्या वेळेत पूर्ण प्रत करण्याचा वेळ धरलेला, दर खेपेला. प्रत एकदाच करायची असते.
प्रत एकदाच करून, यादीच्या तळचं वाघमारे टाकून मोजलं. मग यादीत नसलेलं नाव. दोन्हीत तिची पुढं. खूप पुढं.
ती तेव्हा म्हणाली होती, "खालचं कुणी घेऊन बघ ना." मी : "तुझं शेख टाकू का?" सगळे हसले. "टाक की," म्हणाली.
टाकलं नाही.

शुक्रवार, ६
दुपारी मुकुंदवाडीला, तिच्या घरी. अम्मीनं दार उघडलं. "रेहाना पूना गई, इंटरव्यू को. तीसरा है. सब येइच पूछते, पुरानी नौकरी कायको छूटी. बैठो ना बेटा."
बसलो नाही. काय सांगणार होतो, आता आठवत नाही.
परत येऊन जुने-नवे आकडे एका कागदावर लिहिले. चूक कुठं, तेही. खाली सही. सर निघून गेले होते. टेबलावर ठेवला.

शनिवार, ७
सकाळी सरांनी कागद उभ्यानं वाचला, घडी करून खिशात घातला. "तिची पद्धत आजच दवाखान्याच्या सर्व्हरवर चढव. सोनवण्याला कळव."
"आणि रेहाना?"
"आधी हे चालू दे."
अकराला चढवली. सोनवणेला फोन केला. तिला अजून नाही.