लादी खालून जाते

५ ऑगस्ट १९८६
ऑफिस. सुटल्यावर थेट वेसाव्याला घरी. शेजारची राधाकाकू डोकावून गेली. आईवर लक्ष ठेव म्हणाली — पोरगा समुद्रात गेला, प्रेतही मिळालं नाही, बाई एक दिवस एकदम कोसळेल. मी बरं म्हटलं. आई तर रोज बाजारात बसते, भांडते, हसतेसुद्धा.
भात लावला. माप तिघांचंच पडतं हातून, बोटीवरचा भाऊ सुट्टीवर घरी असल्यासारखं. उरलेला भात आई सकाळी खाऊन जाते.

७ ऑगस्ट
चंदरची शेवटची सुट्टी आठवते. त्याची बोट अलास्काला लागली की बर्फाची भिंत दिसते म्हणे, डोंगरावरून उतरून थेट समुद्रात उभी, चाळीपेक्षा उंच. तिचे कडे तुटून पडतात. एवढ्या थंडीत कसे, मी विचारलं.
"ऊन नाय गं ताई, समुद्र! खालचं पाणी बर्फापेक्षा गरम. ते पाया खात जातं. वर कायच दिसत नाय. मग धाडकन!"
पापड मोडून दाखवला होता. त्याच पाण्यात डेकवरून पडला.

८ ऑगस्ट
भात उरला.

१० ऑगस्ट
रविवार. आईसोबत बाजारात. मासळीची बर्फाची लादी टबात उभी असते. वितळलेलं पाणी बूच काढून सोडत राहायचं — हे लहानपणापासून माझं काम. आज विसरले. लादी वरून चांगली जाड दिसत होती. एकदम कलंडली, शेजारच्या पापलेटांवर! समोरची रुक्मिणी म्हणाली, "ऑफिसातली बाय ती, तिला पंख्याखाली बसवा."
सगळ्या हसल्या. आई नाही. तिने बूच काढलं. पाणी गेल्यावर पापलेटं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कवा रडशील गो, कमळ?"
मी म्हटलं, पाणी काढायचं राहिलं, चुकलं.
"तेच बोलते मी."

११ ऑगस्ट
नारळी पुनवेला चंदरच्या नावाने नारळ सोडायचा, असं आई म्हणते. मी म्हटलं, घाई कसली? ती विचारत नव्हती, सांगत होती.

१९ ऑगस्ट
आई नारळ घेऊन किनाऱ्यावर गेली. चल म्हणाली. गेले नाही.
पर्समध्ये राखी निघाली. काल येताना घेतली होती, नेहमीच्या दुकानातून, काही विचार न करता. दार लावलं आणि ती हातात धरून खूप रडले.
मग तोंड धुतलं. तांदूळ धुतले, दोघींपुरते.