तोंडावर ओरखडा नको

३ नोव्हेंबर
आणि मामाचे दोन दात मी पाडले, हे आई अजून धरून बसली आहे! नववर्षाच्या त्या जेवणाला दहा महिने झाले. दात आधीपासूनच हलत होते. आज फोनवर परत तेच. धाकट्या बहिणीचं, चिहारुचं लग्न तेवीस तारखेला. नवऱ्याकडचे सगळे मास्तर. आई म्हणाली, तोंडावर एक ओरखडा जरी दिसला तरी घरी आओमोरीला पाऊल टाकायचं नाही, फोटो जन्मभर राहतात.
ठीक. वीस दिवस हात खिशात. जुनी घरं पाडायचं काम, राग भिंतीवर निघतोच. एक लाख येन साठलेत. आहेर, तिकीट, भेटी. ओसाकाहून अशा वस्तू नेईन की दातांचं नाव कोणी काढणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
पुलाजवळचं सात मजली स्वस्त दुकान. चार तास. आईला सुशीच्या आकाराची खोडरबरं (चावून पाहिली, फसलो). मामाला रबरी घोड्याचं तोंड. चिहारुला सगळ्यांत भारी: सामुराईच्या तलवारीसारखी कात्री, म्यानासकट. गर्दीत एकाने पायावर पाय दिला. मारलं नाही. नुसतं पाहिलं. पाहताना त्याची कॉलर हातात होती, एवढंच.

१० नोव्हेंबर
मुकादम कुरामोचींनी कात्री बघितली आणि हेल्मेटच हाणलं डोक्यात. म्हणाले, गाढवा, लग्नात कापायची वस्तू देतात? बहिणीचा संसार कातरायला निघालास? शाळेत गेला होतास का कधी? गेलो होतो. तो धडा यायच्या आत बाहेर पडलो.
मुकादमांवर हात उचलला नाही. निश्चय म्हणजे निश्चय. त्यांच्या डब्याला लाथ मारली. डबा उडाला तो मासुओच्या नाकावर. एका खोलीत राहतो, त्याने समजून घ्यायला हवं होतं. त्याने माझा ओठ फोडला. किरकोळ. तेरा दिवस आहेत.

१६ नोव्हेंबर
कात्री बदलायला गेलो. मांजरीच्या तोंडाच्या सपाता दिसल्या, नवराबायकोसाठी, एकमेकींना टाचलेल्या. शेवटचा जोड. दुसरं टोक कोबेच्या एका मिशीवाल्याच्या हातात. नम्रपणे म्हणालो, सोडा काका, बहिणीचं लग्न आहे. तो म्हणाला, मग बहिणीने स्वतः यायचं, माकड कशाला पाठवलं? मी शांतच. फक्त माझं कपाळ पुढे गेलं आणि त्याचं नाक मध्ये आलं. मग त्याचे दोन भाऊ आले. मांडणी कोसळली. पंजा वर करून नशीब बोलावणाऱ्या चिनी मातीच्या मांजरी, पन्नासेक, सगळ्या माझ्या तोंडावर. फरशीवर रक्त कोणाचं किती, पोलिसांनाही वाटून देता येईना.

१७ नोव्हेंबर
आरसा. डावा डोळा वांग्यासारखा. भुवईवर सात टाके. पुढचा दात नाही (हलत नव्हता). फुटलेल्या मांजरींची भरपाई आणि टाके यांत तिकिटाचे पैसे गेले, आहेराचेही बरेच. सपात एकच हाती आली, दुसरी मिशीवाला घेऊन गेला.
तरी मार्ग आहे. बसने जाईन. फोटोत घोड्याचं तोंड घालून उभा राहीन. मास्तरांनाही हसायला आवडत असेल.

१९ नोव्हेंबर
चिहारुला फोन करून बेत सांगितला. खूप हसली. मग म्हणाली, दादा, फोटोत माझ्या मागची जागा तुझी ठेवली होती, घोड्याची नव्हे. तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. म्हणाली, तुला सुट्टी मिळाली नाही असं सांगते नवऱ्याकडच्यांना. मी म्हणालो, खरंच मिळाली नाही.
मुकादमांनी महिन्यापूर्वीच दिली आहे.

२१ नोव्हेंबर
पोस्टात जाण्याआधी आहेराचे पैसे मोजले. दहा हजारांच्या दोनच नोटा. दोनाचे दोन भाग होतात, जोडपं तुटतं, एवढं मलाही कळतं. मुकादमांनी त्यातली एक ओढून घेतली. डब्याची भरपाई, असं वाटलं. मूठ वळलीच होती. त्यांनी पाच हजारांच्या दोन कोऱ्या नोटा ठेवल्या. म्हणाले, आता तीन झाल्या, तुटायच्या नाहीत. मूठ कुठे ठेवावी ते कळेना.
पाकिटावर शुभेच्छेचं अक्षर मासुओने काढून दिलं. मला येतं. हात सुजलाय म्हणून.
चिहारुला पाठवले: वीस हजार येन.