बारा नंबरची चादर

रविवार, ७ जुलै

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. मी इथे बरा आहे. तूही गुडघ्याचं दुखणं लपवून बरी असशील, असं धरून चालतो. खरं काय ते तुझ्या मुलीला विचारेन. या बाबतीत माझा तुझ्यावर विश्वास नाही.

येऊन तीन आठवडे झाले. तुला सगळ्यांना सांगायला आवडतं म्हणून नीट लिहितो. तीन वर्षं इथेच राहायचं, शिकायचं आणि शिकता शिकता वॉर्डही सांभाळायचा, अशी ही रेसिडेन्सी असते. बाकीची सगळी नुकती डॉक्टर झालेली पोरं. बावीस वर्षं गावचा दवाखाना एकट्याने चालवून, केस पिकल्यावर आलेला मी एकटाच.

पहिल्या दिवशी पहारेकऱ्याने फाटकावरच अडवलं. म्हणाला, "काका, नातेवाइकांची वेळ चार ते सहा." मी म्हटलं, मी डॉक्टर आहे. तर तो माझ्या मागे बघायला लागला, डॉक्टर मागून येताहेत असं समजून. आत गेलो तर पेशंट मला मोठे सर समजून खाटेवर उठून बसले. पोरांच्या खोलीत शिरलो तर तीही उठून उभी राहिली आणि चाललेलं बोलणं बंद झालं. अजूनही होतं. मी गेलो की बोलणं थांबतं आणि मी बाहेर पडून चार पावलं गेलो की पुन्हा सुरू होतं. कुणाचा काही वाईट हेतू नाही. घरात नवा पाहुणा आला की होतं तसंच. पण पाहुणा दोन दिवसांनी जातो. मला तीन वर्षं राहायचं आहे.

माझ्या सिनियर मॅडम सत्तावीस वर्षांच्या आहेत. तुझ्या मुलीहून दोन महिन्यांनी लहान. मी चुकलो की रागावतात आणि रागावतानाही काका म्हणतात. हुशार आहेत. पोटावर हात ठेवतात तो असा, की पेशंटचं अर्धं दुखणं तिथेच कमी होतं. मला हे बावीस वर्षांत जमलेलं नाही.

एक गंमत लिहितो. आमच्या पुरुष वॉर्डात बारा खाटा आहेत. सकाळी सहाला नव्या डॉक्टरने प्रत्येकाची नाडी, रक्तदाब बघून कागदावर मांडायचं आणि आठला मॅडम आल्या की एकेका खाटेपाशी उभं राहून वाचून दाखवायचं. परवा मी अकरा जणांचं वाचलं आणि बाराव्या खाटेपाशी येऊन वाचायला लागलो, "पुरुष, वय पन्नासच्या आसपास. सकाळपासून छातीत जळजळ, घाम. नाडी एकशे दहा, मधे ठोका चुकतो."

मॅडम म्हणाल्या, "काका, बारा नंबर रिकामी आहे."

खरंच रिकामी होती. धुतलेली चादर, कोपरे आत खोचलेले. पोरं हसली. एकाने मला चहा आणून दिला आणि म्हणाला, "काका, पहिल्या महिन्यात आम्हालाही भिंती हलताना दिसतात."

मीही हसलो. पण कागद माझ्याच अक्षरातला होता, आणि मला ते मनगट आठवत होतं. थंड, ओलं. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. माणूस बोलला काहीच नाही. नंबर लावून बसलेला माणूस बघतो तसा दाराकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून अकराव्या खाटेपाशी थांबलो. पेन खिशात ठेवलं, हात धुतले. आठ वाजता वाचायला कागद घेतला, तर बारावी ओळ लिहिलेली होती.

नवी जागा आहे, झोप पुरत नाही. मी सोडून दिलं आहे, तूही सोड. सकाळचं नामस्मरण चालू आहे. पोरांच्या खोलीत जागा नाही म्हणून गच्चीच्या जिन्यात बसतो.

मुलीला आशीर्वाद. गुडघ्याला शेक घे.

तुझा,
धाकटा

*

रविवार, २१ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. चार ओळींचं. आजवर तुझं पत्र दोन्ही बाजूंनी भरून वर समासातही आलेलं असायचं.

तू लिहिलंस, "ते नख मला ठाऊक आहे. लाकूड तासताना वाकस निसटून लागली तेव्हा चिंधी मीच बांधली होती. अकरा वर्षांत ते माझ्या स्वप्नातसुद्धा एकदा आले नाहीत. तुझ्याकडेच का येतात?"

ताई, मी त्या पत्रात भावजींचं नाव लिहिलं नव्हतं. नख मात्र लिहिलं. पत्र पेटीत टाकताना हात थबकला होता, पण टाकलं. बहुतेक तू विचारावंस म्हणूनच टाकलं.

आधी इकडचं सांगतो. मग तुझ्या प्रश्नाकडे येतो. पळत नाही.

बारावी ओळ त्यानंतर पाच वेळा आली. पोरांचं हसणं थांबलं. मॅडम माझ्या कागदावरची प्रत्येक नाडी पुन्हा स्वतः मोजायला लागल्या, आणि ते बरोबरच होतं. ज्याला रिकाम्या खाटेवर माणूस दिसतो, त्याने भरल्या खाटेवरचा बरोबर बघितला असेल कशावरून? मंगळवारी विभागाच्या मोठ्या सरांनी बोलावलं. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. खुर्ची पुढे करून म्हणाले, "तुमच्या अनुभवाचा मान आहे मला. पण पुन्हा असं झालं तर तुम्हाला परत पाठवा, असं मला लिहावं लागेल."

त्या दुपारी मी वॉर्डात नुसता बसलो होतो. इथल्या मुख्य सिस्टर निवृत्तीला आल्या आहेत. बोलणं तिखट, पण एकही पेशंट त्यांच्याबद्दल तक्रार करत नाही. त्या बारा नंबरची चादर बदलत होत्या. मी म्हटलं, "सिस्टर, ती तर रिकामी असते. रोज कशाला बदलता?"

"चुरगळते म्हणून."

त्यांनी चादर झटकली, उशी थापटली.

"तुम्ही पहिले नाही, डॉक्टर. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी असं वय घालवून शिकायला येतं. या पोरांचं काय, त्यांच्या हातून अजून कुणी गेलेलं नसतं. ती रिकाम्या हाताने येतात. तुम्ही कसे याल? म्हणून मी ही खाट शेवटी भरते. अगदीच अडलं तरच."

"आधीच्यांनी काय केलं?"

"एक जण सोडून गेला. एकाने वॉर्ड बदलून घेतला, तर तिकडच्या सिस्टरचा फोन आला की आमच्याकडे एक चादर रोज चुरगळते." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "तुमचा काही विचारतो का?"

मी नाही म्हटलं. खोटं बोललो. ते विचारतात, ताई. पहिल्या दिवसापासून विचारतात. पहिल्या पत्रात मी लिहिलं की माणूस काही बोलला नाही, तेही खोटं होतं. दाराकडे बघत ते एकच विचारतात, "डॉक्टर आहेत का आत?"

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

भावजी गेले त्या दिवशी सकाळी ते जळजळ होते म्हणून आले. मी गोळ्या दिल्या, घरी पाठवलं. ती माझी चूक होती, पण ती तुला माहीत आहे आणि तू ती केव्हाच माफ केलीस. दुपारी ते पुन्हा आले, तेव्हा डॉक्टर गावात नव्हते. हेही तुला माहीत आहे. तू हे जगाला सांगत आलीस. तेराव्या दिवशी माझा हात धरून म्हणालीस, "तू असतास तर त्यांना जाऊ दिलं नसतंस." आणि या शिक्षणाचा अर्ज भरायलाही तूच मागे लागलीस.

मी गावातच होतो.

मी घरात होतो. तपासायच्या खोलीमागेच माझी खोली, मधे एक पडदा. दुपारी एक ते चार दवाखाना बंद, आणि मी माळ घेऊन बसलो होतो. बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसल्याचा आवाज आला. ते बाक भावजींनीच करून दिलेलं होतं, एका पायात बारीक लचक होती. मग खोकला. मी तो ओळखला. मग त्यांचा आवाज, "डॉक्टर आहेत का आत?"

कंपाउंडर पडद्यातून डोकावला. माझे मिटलेले डोळे मी उघडले नाहीत. नुसती चार बोटं वर केली. त्याने बाहेर जाऊन सांगितलं, "डॉक्टर बाहेरगावी गेलेत. चार वाजता या."

मला वाटलं होतं, पुन्हा त्या जळजळीचंच असेल. मला वाटलं, घरचाच माणूस आहे, थांबेल. आणि खरं सांगायचं तर, देवापाशी बसलोय म्हणजे मी बरोबरच करतोय, असंही वाटलं. माझ्या माळेचे थोडेच मणी उरले होते. ते मी पुरे केले.

भावजी म्हणाले, "बरं. येतो चारला."

ताई, माझ्या चपला पायरीवर होत्या. लाकडातली केसाएवढी फट बघणारा माणूस, त्याला चपला दिसल्या नसतील? ते सगळं समजून "बरं" म्हणाले आणि गेले. विहिरीच्या वळणावर पडलेले सापडले तेव्हा चार वाजायचे होते. त्या दिवशी दवाखान्याची गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर झाडाखाली झोपला होता.

कंपाउंडर मागच्या वर्षी वारला. शेवटी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "साहेब, ते माझ्या तोंडून वदवलंत तुम्ही." त्यानंतर हे माहीत असणारा मी एकटाच उरलो. उरलो असं मला वाटलं होतं.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस गेले. काल शनिवारी दुपारी, भेटीची वेळ व्हायच्या आधी, वॉर्डात चांगलं ऊन आलं होतं. पेशंट जेवून पडले होते. मी बारा नंबरपाशी स्टूल घेऊन बसलो. चादर सरळ होती. बघता बघता मधोमध दबली, माणूस टेकला की दबते तशी. आणि त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आहे. आत आहे, भावजी."

मग मी त्यांना तपासलं. मॅडमनी शिकवलं तसं, अगदी पहिल्यापासून. दुखणं कुठून सुरू झालं, हातात उतरतं का, चालल्यावर वाढतं का. त्या सकाळी जे एकही विचारलं नव्हतं ते सगळं विचारलं. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली, सावकाश, माझं लिहून होईपर्यंत थांबून. समोरच्या खाटेवरचा म्हातारा एकटक बघत होता. नंतर म्हणाला, "पाहुणे थकलेले दिसताहेत." कोण पाहुणे, हे मी त्याला विचारलं नाही.

केसपेपरवर शेवटी एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचं पेशंटशी नातं. तिथे मी "मेहुणा" लिहिलं आणि सही केली. तो कागद मी वॉर्डात ठेवला नाही, पत्रासोबत पाठवतो आहे. तो तुझा आहे. तुझ्या मुलीला दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

आज सकाळी सहाला मी अकरा जणांचं लिहिलं. आठला वाचलं ते अकराच. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्या पुढच्या कामाला लागल्या. सिस्टर बारा नंबरपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज चादर बदलावी लागली नाही. गेला वाटतं." कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण तू विचारलं होतंस ना, तुझ्याकडे का येत नाहीत म्हणून. दारात खोकला ऐकू आला तर घाबरू नकोस.

मी माफी मागत नाही. मागितली तर देशील, हे ठाऊक आहे म्हणूनच मागत नाही. तुला हे कळल्यावर माझ्याशी नातं ठेवायचं नसेल, तर उत्तर पाठवू नकोस, मी समजेन. मोठ्या सरांनाही मी सगळं सांगणार आहे. त्यांनी ठेवलं तर राहीन, पाठवलं तर त्याच दवाखान्यात परत जाऊन बसेन. मधला पडदा मात्र काढून टाकेन.

आणि कधी आलीसच, तर फाटकावर चार वाजेपर्यंत थांबू नकोस. आत ये. जिन्यापाशी माझ्या चपला दिसतील. मी माळेला बसलेला असलो तरी हाक मार. पहिल्या हाकेला उठेन.

त्या दुपारी घरात असलेला,
तुझा भाऊ