क्लस्टर, त्याच्याशिवाय

१२ नोव्हेंबर

क्लस्टर परत कोसळला! सकाळी, ओपीडी उघडायच्या वेळेलाच. रक्ताचे रिपोर्ट दिसेनात, एक्स-रे दिसेनात, नंबर पुकारणारा पडदासुद्धा काळा. आणि परत त्यालाच फोन करावा लागला.

दुसऱ्या रिंगलाच उचलला. म्हटलं, "पडलाय." तो म्हणाला, "घे, सांगतो." मग तो एकेक कमांड सांगत गेला, मी टाकत गेले. खोलीतले बाकीचे आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसलेले — सगळ्यांना सगळं माहीत आहे. शेवटी त्याने विचारलं, "आई कशी आहे?" म्हटलं, "बरी." ठेवला.

या रुग्णालयाचा क्लस्टर त्याने उभा केला. हाताने, एकट्याने. तळघरातली मशिनं एकत्र बांधली — प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या बंद डब्यात, आणि एक मशीन मेलं की त्याचे डबे दुसऱ्याने उचलायचे. कसं बांधलं ते फक्त त्याच्या डोक्यात. उन्हाळ्यात तो ते डोकं घेऊन दुसऱ्या कंपनीत गेला. दुसऱ्या बाईकडेही गेला. इथे रीतसर महिन्याची नोटीस दिली होती. मला तेवढीही नाही.

१३ नोव्हेंबर

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. म्हणजे काम मोठं. म्हणाले, "जो माणूस इथे नाही त्याच्या मर्जीवर रुग्णालय चालतंय. मला पटत नाही. तुम्हालाही त्रासच होत असणार."

"मला काही वाटत नाही," म्हटलं. खरं तेच सांगितलं. त्यांना वाटलं मी चिडले.

काम असं — कोरी मशिनं, एक कमांड, आणि सगळा क्लस्टर आपोआप उभा राहिला पाहिजे. कोणीही दिली तरी. कितीदाही दिली तरी. कोणाला फोन न करता.

मी हो म्हणाले. चहा प्यायचा राहिला.

१७ नोव्हेंबर

जेवताना आईंनी विचारलं, "सध्या एवढं काय चाललंय गं?"

"क्लस्टर उभा करायचाय, आई."

"म्हणजे काय?"

"एकत्र कुटुंब समजा. एक जण आजारी पडला की बाकीचे न सांगता त्याचं काम उचलतात."

आईंनी घास खाली ठेवला. "असं एकत्र कुटुंब कुठे असतं?"

यावर कोणीही हसलं असतं. मीही तोंड हलवलं.

आई म्हणजे त्याची आई. तो निघाला त्या दिवशी त्यांची बॅगही त्याने भरून दाराशी ठेवली होती. आईंनी ती उचलून आत नेली. "तू हिला सोडलंस, मी नाही. माझी सून आहे ती." तेव्हापासून आम्ही दोघीच. दोन खोल्या, एक बाल्कनी. टीव्हीचा आवाज मोठा.

२१ नोव्हेंबर

लोक याला क्लाउड म्हणतात. आमचा ढग तळघरात आहे, एसीच्या खोलीत, कुलपात! रुग्णांची माहिती बाहेर जाता कामा नये म्हणून सगळं आपल्याच घरात. तिथल्या एसीचं आणि विजेचं बघतो त्याला सगळे थर्मामीटर म्हणतात, कारण भेटला की आधी तापमान सांगतो, मग बोलतो. आज म्हणाला, "एकोणीस! ताई, खाली बसू नका, गारठून जाल." मला गार लागलंच नव्हतं.

काम पुढे सरकतंय. आधी मशिनं जन्माला घालायची, मग त्यांना पत्ते द्यायचे, मग एक जण मुखिया होतो आणि बाकीचे येऊन त्याला जोडले जातात. सगळं त्या एका कमांडच्या पोटात लिहायचं. आणि पुन्हा चालवलं तर झालेलं मोडता कामा नये — झालंय ते बघायचं आणि गुमान पुढे जायचं. हे मला जमतं.

२४ नोव्हेंबर

चौथं मशीन जोडलं जात नाही. दिवसभर तेवढंच.

२५ नोव्हेंबर

चौथ्या मशीनचं घड्याळ मागे होतं! त्याला दिलेलं ओळखपत्र आजचं, आणि ते अजून कालच्या दिवसात बसलेलं. त्याच्या लेखी ओळखपत्र लागूच झालेलं नाही, मग दार कसं उघडणार? सगळ्यांची घड्याळं जुळवायची पायरी आता सर्वांत आधी टाकली. पुसून टाकलं, परत चालवलं. चारही उभी. पुसलं, परत. उभी.

शेजारच्या टेबलावरून टाळ्या वाजल्या. मी मान डोलावली.

२ डिसेंबर

इस्त्री करताना आई ओरडल्या, "अगं हात! हात!" बघते तर मनगटावर फोड. कधी भाजलं कोण जाणे. आईंनी हात धरून नळाखाली नेला, बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांचंच तोंड कळवळल्यासारखं झालं होतं. माझं नाही.

९ डिसेंबर

सगळं होतं. फक्त डिस्क राहिल्या.

डबे कुठेही उचलून ठेवता येतात, पण रिपोर्ट डिस्कवर असतात. मशीन मेलं तरी डिस्क त्यालाच धरून राहते. दुसऱ्याला देता येत नाही. मेलेल्याच्या हातातून ती सोडवायची कशी, हे तो हाताने करायचा. फोनवर "थांब, आता बघ, आता जोड," असं. ते कमांडमध्ये बसवलं की झालं.

१६ डिसेंबर

साहेबांनी विचारलं, "किती राहिलं?"

"थोडंसं."

मागच्या आठवड्यातही मी हेच म्हणाले होते.

२० डिसेंबर

रविवार. आईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, "झालं का ते तुझं एकत्र कुटुंब?"

"एकच गोष्ट अडलीये."

"येत नाही तुला?"

खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. म्हटलं, "येते. कशी करायची ते कळलंय. लिहायची राहिलीये."

आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्याचा आवाज ऐकायचा असेल तर सरळ फोन कर. माझी आडकाठी नाही. पण त्यासाठी आजारी माणसांना कशाला वेठीला धरतेस?"

त्यांनी निवडलेली भाजी उचलून धुवायला नेली. आई बोलल्या ते खरं होतं. खरं असूनही आत काही हललं नाही. दगडावर पाणी.

२३ डिसेंबर

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी तळघरातली अर्धी वीज गेली. थर्मामीटर धापा टाकत वर आला, तापमान न सांगता म्हणाला, "ताई, तीन मशिनं बसली!" तेव्हाच कळलं, आज वेगळं आहे. क्लस्टर आडवा. प्रयोगशाळेतून फोन, वॉर्डातून फोन. ऑपरेशन थिएटरची नर्स स्वतः जिना चढून आली. टेबलावर एक बाई झोपवलेली, तिच्या रक्ताचा गट आणि रिपोर्ट पडद्यावर येत नाहीत, भूल देणारे डॉक्टर थांबून राहिलेत. "पुन्हा रक्त घेऊन तपासतायत, पण वेळ जातोय हो!"

त्याला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. साहेब मागे उभे. "उचलत नाही?" परत लावला. बंद.

फोन उलटा करून ठेवला.

नवीन मशिनं उरलेल्या विजेवर कोरी पडलीच होती. डिस्कची पायरी लिहायला घेतली. मेलेलं मशीन खरंच मेलंय ना, हे आधी खात्रीने बघायचं. मग त्याची वीज तोडायची, म्हणजे ते मधेच जागं होऊन त्याच डिस्कवर लिहायला लागणार नाही. मग डिस्क सोडवायची, मग नव्याला द्यायची. एवढंच तर होतं. कितीसं होतं! लिहिताना नर्स माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती.

कमांड दिली. मशिनं जन्मली. पत्ते मिळाले. घड्याळं जुळली. एकेक जोडलं गेलं. पहिली डिस्क — सुटली. जोडली. दुसरी. तिसरी अडली! मी काही केलं नाही. कमांडलाच थोडं थांबून परत प्रयत्न करायला सांगून ठेवलं होतं. थांबली. परत. जोडली.

"आलं!" नर्स पळालीच. साहेब खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

ती बाई वाचली. संध्याकाळी नर्सने मुद्दाम फोन करून सांगितलं. म्हणाली, "तुमच्यामुळे." म्हटलं, "नाही हो." मनात आलं, ही पायरी दोन आठवडे आधी लिहिली असती तर ती तशी टेबलावर पडून राहिलीच नसती. हे कळतंय. पण दुसऱ्या कोणाबद्दल ऐकावं तसं.

त्याचा फोन आला नाही.

२४ डिसेंबर

आईंना सांगितलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. "एकटीने केलंस."

"हो."

"मग आता जेव."

३० डिसेंबर

त्याचा जुना क्लस्टर आज पुसला. साहेबांनी विचारलं, "तुम्ही करता की दुसऱ्या कोणाला सांगू?" म्हटलं, "मीच करते." मशिनांना त्याने पक्ष्यांची नावं दिली होती — खंड्या, कोतवाल, भारद्वाज, सुगरण. "नक्की पुसायचं का?" असं प्रत्येकाला वेगळं विचारलं जातं. हो. हो. हो. हो.

खाली थर्मामीटर म्हणाला, "अठरा! जुनी गेली तशी खोली लगेच थंड झाली बघा."

आता त्याला फोन करायला काही कारण उरलं नाही. हे लिहून बघितलं, काही होतं का. नाही.

४ जानेवारी

त्याने कळवलं, मला नाही, आईंना. मुलगी झाली. क्लस्टर पडला त्याच दिवशी.

उन्हाळा ते डिसेंबर, नऊ महिने भरत नाहीत. बोटं मोजायची गरज नव्हती.

आईंनी फोटो दाखवला नाही. मी मागितला. लाल, मुठी आवळलेली, कपाळ आईंसारखं. "छान आहे," म्हटलं आणि भांडी घासायला गेले.

६ जानेवारी

टीव्ही बंद आहे.

८ जानेवारी

आज आई बोलल्या. बाल्कनीत, माझ्याकडे पाठ करून, वाळलेले कपडे काढता काढता. "तिचं बाळंतपण अवघड झालं म्हणे. तिला आई नाही. घरात मोठं माणूस कोणी नाही." मग चिमटे मोजले. "मी त्याच्यासाठी नाही जाणार. लेकराने काय केलंय?"

"जा ना आई. जायलाच हवं तुम्ही."

"तुला काही वाटणार नाही?"

"मला काय वाटायचंय!"

बॅग मीच भरली. औषधं वरच्या कप्प्यात, स्वेटर खाली.

९ जानेवारी

टॅक्सी कोपऱ्यापर्यंत गेली होती. मी पायात काही न घालता धावले. "आई, जाऊ नकोस! जाऊ नकोस ना गं!" भर रस्त्यात, मोठ्याने. त्यांना 'तू' म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. टॅक्सी थांबली. आई उतरली, बॅग ओढून माझ्या हातात दिली. किती रडले, कोणी बघितलं, माहीत नाही. मग मीच ती बॅग परत गाडीत ठेवली. म्हटलं, जा. पण लवकर ये.