चार वर्षांचं ऊन

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. अक्षर ओळखलंस ना? एकोणीस वर्षांत गुडघे गेले, अक्षर राहिलं. शाळेतल्या सिस्टरांनी छड्या मारून घोटून घेतलेलं ते, जाणार कुठे.

परवा सहज आपल्या जुन्या घराची गच्ची आठवली. बाबा मलमलच्या फडक्यानं ऊन मोजायचा काचेचा गोळा पुसताहेत, तू गोळ्याखाली बोट धरून 'पोळेपर्यंत मोजतो' म्हणतोयस आणि मी शाळेच्या गणवेशात आकडे म्हणतेय. तू अकरापर्यंत टिकलास. बाबा म्हणाले, "यंत्राला सुट्टी देतोस होय रे?" आणि आपण तिघंही हसत बसलो. खास काही घडलं नव्हतं. पण तो दिवस जसाच्या तसा आहे माझ्याजवळ.

इकडे सगळं ठीक आहे. हे गेले त्याला चौदा महिने झाले. तुला कळवलं होतं, तू आला नाहीस, त्याचा राग नाही. घर मोठं वाटतं, एवढंच. ह्यांच्या खोलीत हवेचे नमुने भरायच्या रिकाम्या बाटल्या अजून ओळीनं उभ्या आहेत. मी त्यांची धूळ पुसते.

तुझ्या प्रकाशकाचं पत्र आलं. तुझं पुस्तक छपाईला जातंय, पहिल्याच पानावर बाबांच्या गच्चीवरच्या उन्हाचा आलेख आहे आणि शेजारी त्यांना बाबांचा फोटो हवाय. तो शोधायला मी ट्रंक उघडली.

दादा, सिस्टर म्हणायच्या, कबुली आधी द्यावी, कारणं मागून. तसंच करते. त्या आलेखाची शेवटची चार वर्षं खोटी आहेत. ती मी लिहिली.

तू तेव्हा शिकायला बाहेर होतास. बाबांची नजर गेली होती, हे त्यांनी हवामान कार्यालयाला कळवलं नव्हतं आणि तुलाही नाही. रोज सूर्य मावळला की मी गोळ्यामागची कागदी पट्टी बदलायची. ऊन असेल तेवढी ती जळायची, ढग आला की जळकी रेघ तुटायची. रेघ मोजायची आणि तास रजिस्टरात लिहायचे. बाबा खुर्चीत बसून विचारायचे, "आज किती?" मी पहिल्यांदा खोटं बोलले तो दिवस भरून आलेला होता. जेमतेम तीन तास. मी म्हटलं, "सहा." त्यांचा चेहरा असा उजळला, की दुसऱ्या दिवशीही मला खरं सांगवेना. महिनाअखेरीला कार्यालयातला माणूस येऊन रजिस्टरातले आकडे त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचत उतरवून घ्यायचा, म्हणून तिथेही तेच लिहावं लागलं. आभाळात नव्हतं एवढं ऊन मी चार वर्षं त्यांना दिलं.

ते आकडे तू उचलशील, हे मला कुठे माहीत होतं. पण उचललेस तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीचं ते जेवणाचं टेबल तूही विसरला नसशील. पृथ्वी तापतेय ती सूर्यामुळे की हवेतल्या कार्बनमुळे, हा तुमचा दोघांचा नेहमीचा वाद. "सूर्य तापला म्हणून आपण तापलो. बाटलीबहाद्दरांना एवढं साधं कळत नाही," तू म्हणालास. हे हसून म्हणाले, "मग दिवसांपेक्षा रात्री जास्त का तापताहेत, सूर्यवंशी? रात्री तुझा सूर्य कुठे जातो?"

"माझ्याकडे बाबांचे आकडे आहेत."

"एका गच्चीचे. तेही शेवटच्या चार वर्षांतच उडी मारतात. मला पट्ट्या दाखव."

तू माझ्याकडे वळलास. "ठमे, सांग याला. कुठे आहेत पट्ट्या?"

मी आमटी वाढत होते. म्हटलं, "वाळवीनं खाल्ल्या."

"मग या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?" हे म्हणाले. "म्हणजे माझा बाप खोटारडा?" म्हणून तू भरल्या ताटावरून उठलास. मी हातात पळी घेऊन उभी राहिले. एक वाक्य बोलले असते तर तू परत बसला असतास.

पट्ट्या जाळायचा मला धीर झाला नव्हता. ट्रंकेत फोटोच्या खालीच त्या होत्या. पण मी ठेवल्या होत्या तशा नव्हत्या. महिन्यांप्रमाणे लावलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या आणि प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनं खरे तास लिहिलेले. अक्षर ह्यांचं. एक हजार चारशे एकसष्ट पट्ट्या, दादा. शेवटच्या गठ्ठ्यावर तारीख आहे, तू उठून गेलास त्याच्या पुढच्या महिन्यातली.

म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. सभांमधून तू ह्यांना 'मेहुण्याच्या बापावर शंका घेणारा' म्हटलंस, आणि उत्तर घरात ट्रंकेत होतं. ते त्यांनी तिथेच ठेवलं. मलाही एका शब्दानं विचारलं नाही. मी रोज समोर बसून जेवत होते.

आता ऊन उतरलं की ह्यांच्या खुर्चीतून ऐकू येतं, "आज किती?" आवाज बाबांचा की ह्यांचा, मला सांगता येत नाही.  खोली वाट पाहते.

माझ्या खोट्यामुळे ह्यांचं खरं ठरत नाही, हे मला कळतं. ते त्यांच्या बाटल्यांनी ठरलं, आणि सूर्य वाढलेला नाही हे वरून मोजणाऱ्या उपग्रहांनी. तुझं फक्त पहिलं पान माझ्यामुळे चुकलंय. पण तुझी सगळी भिस्त त्या पानावर होती, हेही मला कळतं.

पट्ट्या आणि रजिस्टर काल मी हवामान कार्यालयात देऊन आले. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की ना, आजी?" मी सही केली. आधी तुला विचारलं असतं तर बाबांसाठी तू अडवलं असतंस, आणि मी थांबले असते.

ह्यांच्या आकड्यांची नक्कल सोबत आहे, ती तुला. फोटो प्रकाशकाला, पण आलेख बदलल्यावरच. गोळा तुझ्या मुलीला. बाटल्या ह्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीला द्यायच्या आहेत, ती रविवारी येईल. आणि दुरुस्ती छापशील तेव्हा 'निरीक्षकाची चूक' असं लिहू नकोस. निरीक्षक म्हणून नाव बाबांचं आहे. 'निरीक्षकाच्या मुलीनं केलेल्या खोट्या नोंदी' असं लिही, आणि पुढे माझं पूर्ण नाव घाल, सासरचं.

ज्यांनी माझं खोटं झाकलं त्यांची पत्नी,
आणि अजून तुझी,
ठमी